शरीराने विणलेली खोळ

मरोळ नाक्यावरून सहारच्या कार्गो संकुलाकडे जाणाऱ्या ट्रकांत काय काय भरलेलं असतं, याचा अंदाज बाहेरून येत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं देशात वाटेल त्या मार्गाने आणता येत नाहीत. सरकारने ठरवून दिलेल्या बंदरांतून आणि विमानतळांवरूनच ती यावी लागतात, आणि मुंबईचा विमानतळ त्यांतला एक. स्तनाचं इम्प्लांट परदेशातून आलं असेल तर तेही अशाच एखाद्या दारातून आत येतं. तळहातावर मावणारी, मऊ, पारदर्शक अशी ही सिलिकॉनची पिशवी निर्जंतुक वेष्टनात बंद असते. कागद तपासले जातात, शिक्के बसतात, माल सुटतो.

खरी झडती त्यानंतर होते, बाईच्या छातीत.

पिशवी आत ठेवल्यावर पहिल्या काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं तिच्या पृष्ठभागावर चिकटू लागतात. पुढच्या काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी येते, लढते आणि मरते. मग येतात मॅक्रोफेज. जंतू असो की मेलेली पेशी, समोर येईल ते गिळून टाकणं हे त्यांचं काम. पण इथे समोर असतो पेशीच्या मानाने अक्षरशः डोंगर. गिळता येत नाही आणि सोडवतही नाही, तेव्हा त्या पेशी एकमेकींत विरघळून एक होतात. अनेक केंद्रकांची एकच अवाढव्य पेशी तयार होते आणि ती पृष्ठभागाला चिकटून बसते. तिलाही काही जमलं नाही की शरीर धोरण बदलतं. नष्ट करता येत नाही ना, मग वेगळं पाडा. तंतुपेशींना निरोप जातो, त्या कोलॅजेनचे धागे काढू लागतात, आणि काही आठवड्यांत पिशवीभोवती चहूबाजूंनी एक पातळ, गुळगुळीत, सलग पडदा उभा राहतो. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. गोळ्या-औषधांच्या कॅप्सूलशी गल्लत नको, म्हणून आपण इथे त्याला खोळ म्हणू.

पायात काटा मोडून राहिला की त्याभोवती कुरूप धरतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ही खोळ त्याच जातीची, फक्त कितीतरी नीटस. आणि ती सगळ्यांच्या शरीरात होते. छातीत पेसमेकर असलेल्या आजोबांच्या अंगातही असाच कप्पा असतो आणि ते त्याच्यासह वीस वर्षं मजेत राहतात. म्हणजे खोळ हा आजार नव्हे. ते शरीराचं परक्याशी केलेलं तह-पत्र आहे. तह टिकला तर आयुष्यभर काही कळत नाही.

इम्प्लांटमुळे होणाऱ्या त्रासांबद्दल जे काही वाचायला, ऐकायला मिळतं, त्यात सगळा रोख त्या सिलिकॉनच्या पिशवीवर असतो. माझ्या मते तो अर्धा चुकतो. बऱ्याचशा गोष्टी घडतात त्या या खोळीत, तिच्या आतल्या फटीत किंवा तिच्या भिंतीत. इम्प्लांट ठेवायचं की काढायचं, या प्रश्नाचाही निम्मा भाग ‘खोळीचं काय करायचं’ हाच असतो.

अंधेरीच्या या पट्ट्यात ‘इम्प्लांट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी सिनेमा-मालिकांचं जग येतं आणि मग दबलेलं हसू. पण परळच्या टाटा मेमोरियलच्या रांगेत उभी राहणारी बाई आठवून पाहा. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असतील, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतल्या काहींचा स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठी हेच इम्प्लांट वापरलं जातं. कोणी हौसेने बसवलं आणि कोणी कर्करोगानंतर, हा फरक समाजाला फार मोठा वाटतो. मॅक्रोफेजला तो ठाऊकच नसतो.

आता तह मोडतो कसा ते पाहू. खोळीच्या भिंतीत मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. अर्ध्या तंतुपेशी, अर्ध्या स्नायूसारख्या. धागा विणणं आणि तो आवळणं, दोन्ही त्यांना येतं. कुठे बारीकसा जंतुसंसर्ग झाला, रक्त साकळलं किंवा रेडिएशन झालं, तर त्या नको तितक्या कामाला लागतात आणि खोळ आवळत जाते. आत अडकलेल्या पिशवीचं आकारमान तर तेवढंच राहतं. मग तिने जावं कुठे? भूमितीत याचं एकच उत्तर आहे. दिलेल्या आकारमानाला सर्वांत कमी पृष्ठभागात कोंबायचं, तर गोल. म्हणून असा स्तन हळूहळू चेंडूसारखा गोल होतो, वर सरकतो आणि कडक लागतो. ‘दगड झालाय नुसता’ असं बायका म्हणतात, पण आतली पिशवी पूर्वीइतकीच मऊ असते. शल्यचिकित्सक याच्या चार पायऱ्या मानतात, बेकर या डॉक्टरांच्या नावाने. पहिलीत काही जाणवत नाही, चौथीत कडकपणाबरोबर वेदना आणि विद्रूपता येते. इम्प्लांट काढण्यामागच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी हे एक. रेडिएशन घेतलेल्या स्तनात हा धोका बराच वाढतो, आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी ही गोष्ट पुनर्रचनेच्या आधी विचारून घेण्यासारखी आहे, नंतर नव्हे.

ही पिशवी आली कुठून, त्याची गोष्टही विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पॅराफिन टोचून पाहिलं गेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात द्रव सिलिकॉन टोचलं गेलं, आणि दोन्हींचे परिणाम भयानक निघाले, कारण सैल पसरलेल्या पदार्थाभोवती शरीराला एक नीट खोळ घालता येत नाही. मग टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे फ्रँक जेरो यांच्या हातात एकदा रक्ताची प्लॅस्टिकची पिशवी आली. काच जाऊन प्लॅस्टिक नुकतंच आलेलं. ती दाबून पाहताना त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. पहिला प्रयोग एस्मेराल्डा नावाच्या कुत्रीवर झाला. १९६२ साली टिमी जीन लिंडसी ही बाई छातीवरचं गोंदण काढून घ्यायला धर्मादाय रुग्णालयात आली होती. तिला विचारलं गेलं. तिला खरं तर कान नीट करून हवे होते. सौदा झाला, कानही झाले, आणि जेरो आणि टॉमस क्रोनिन यांनी तिला जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या दूरगामी प्रयोगाची संमती इतक्या सहज घेतल्याची उदाहरणं कमी नाहीत, हेही खरंच.

खोळ आवळते म्हटल्यावर कंपन्यांनी डोकं चालवलं. गुळगुळीत पृष्ठभागावर कोलॅजेनचे धागे एका दिशेने, समांतर बसतात, म्हणून ते एकजुटीने ओढ घेतात. मग पृष्ठभागच खडबडीत केला तर? धागे वाटेल तसे गुंततील, एकजूट मोडेल. शिवाय थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट खडबडीतपणामुळे जागच्या जागी धरून राहील, फिरणार नाही. एका प्रसिद्ध पद्धतीत ओल्या सिलिकॉनवर मिठाचे स्फटिक दाबत आणि नंतर मीठ धुऊन काढत. उरायची ती खळगेच खळगे असलेली त्वचा. कल्पना देखणी होती आणि ती काही अंशी चाललीही.

१९९७ साली अमेरिकेतल्या जॉन कीच आणि ब्रेव्हेटर क्रीच या दोन डॉक्टरांनी एक वेगळीच रुग्ण नोंदवली. इम्प्लांटजवळ लिंफोमा. म्हणजे स्तनाच्या ऊतींचा कर्करोग नव्हे, तर रोगप्रतिकारक टी-पेशींचा. एखादी सुटी घटना म्हणून ती विसरली गेली असती. पण अशा नोंदी साचत गेल्या. २०११ साली अमेरिकेच्या एफडीएने संबंध असू शकतो असं म्हटलं, २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली, आणि एक गोष्ट स्पष्ट होत गेली. हा आजार जवळजवळ संपूर्णपणे खडबडीत पृष्ठभागाशी जोडलेला आहे. जुलै २०१९मध्ये एफडीएकडे जगभरातल्या ५७३ रुग्णांची नोंद होती, त्यांत ३३ मृत्यू. त्यांतले बहुतेक रुग्ण एकाच पद्धतीच्या पृष्ठभागाचे होते, अ‍ॅलरगन कंपनीच्या बायोसेलचे. कंपनीने ती इम्प्लांट जगभरातून परत घेतली. मिठाच्या खळग्यांचीच ती पद्धत.

असं का व्हावं? खडबडीत पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून जंतूंना थर धरायला जागा जास्त, हा एक तर्क. सततच्या घर्षणाने झडणारे सूक्ष्म कण, हा दुसरा. रुग्णाची जनुकीय ठेवण, हा तिसरा. कशामुळे का होईना, खोळीच्या आत वर्षानुवर्षं धुमसणारा दाह टी-पेशींना डिवचत राहतो आणि त्यांतली एखादी एक दिवस ताळतंत्र सोडते, असं चित्र आज मांडलं जातं. आवळणं थांबवायला काढलेला उपाय हा असा दुसऱ्याच दाराने अंगाशी आला.

हा आजार दुर्मीळ आहे, पण किती दुर्मीळ ते पृष्ठभागावर ठरतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात साडेतीन हजार रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा साधारण ३५५ जणींत एक असं प्रमाण निघालं. इतर अंदाज हजारांत एक ते कित्येक हजारांत एक असे पसरलेले आहेत. त्याची खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. इम्प्लांट बसवून बरीच वर्षं, सरासरी आठ-दहा, लोटलेली असतात आणि अचानक एकच बाजू सुजते. खोळ आणि पिशवी यांच्यामधल्या फटीत पाणी साठतं. ते पाणी सुईने काढून फेकून द्यायचं नसतं, प्रयोगशाळेत पाठवायचं असतं, आणि चिठ्ठीवर ‘सीडी३०’ ही तपासणी लिहायची असते. लिंफोमा खोळीतच असेल तर इम्प्लांट आणि संपूर्ण खोळ काढून बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. उशीर झाला तर गोष्ट वेगळी.

आणि तरीही, ज्यांना काही त्रास नाही त्यांनी केवळ भीतीपोटी खडबडीत इम्प्लांट काढून घ्यावं, असं एफडीएने २०१९मध्ये सांगितलं नाही. पहिल्यांदा वाचताना हे बेफिकिरीचं वाटतं. पण भूल, रक्तस्राव, संसर्ग यांचा धोका शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकीला असतो, आणि फायदा हजारांतल्या एखादीला. हा हिशेब कोरडा आहे, पण चूक नाही. अर्थात, रात्री झोप लागत नसेल तर तीही हिशेबातली एक रक्कमच. डॉक्टरांच्या तक्त्यात तिला रकाना नसतो, एवढंच.

पिशवी फुटली तर? जुन्या काळची भीती ही. आजचं जेल घट्ट असतं, आणि कवच फाटलं तरी ते खोळीत अडकून राहतं. म्हणजे खोळ इथे कामाला येते. पण त्यामुळेच बाईला काही कळत नाही. एमआरआयमध्ये मात्र जेलमध्ये तरंगणाऱ्या कवचाच्या घड्या शेवयांसारख्या दिसतात. रेडिओलॉजीत त्या खुणेला एका इटालियन शेवईचंच नाव आहे. सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, असा एफडीएचा सल्ला आहे. किती जणी करतात? तक्रार नसताना एमआरआयच्या बोगद्यात शिरायला पैसे मोजणारं घर विरळा. कवच शाबूत असतानाही सिलिकॉनचे सूक्ष्म कण पाझरून काखेतल्या गाठींत पोचू शकतात. ज्या बाईला आधी कर्करोग होऊन गेलाय, तिच्या काखेत गाठ लागली की घरात काय होतं ते सांगायला नको. मॅमोग्राफीला जाताना इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं. ते मागे सरकवून चित्र घेण्याची वेगळी रीत आहे.

सर्वांत कठीण प्रकरण राहिलंच. अंगदुखी, न जाणारा थकवा, विसराळूपणा, केस गळणं, सांधे धरणं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी ती बाई म्हणते, हे आतलं बसवल्यापासून आहे. याला ‘ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस’ म्हटलं जातं, आणि त्याचं निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत याच धर्तीच्या दाव्यांनी डाऊ कॉर्निंग कंपनी १९९५ साली दिवाळखोरीत गेली. १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे पुरावे चाळून सांगितलं, की सिलिकॉनमुळे संधिवाताच्या जातीचे आजार होतात असं सिद्ध होत नाही. विषय मिटला असं डॉक्टरांना वाटलं. बायकांना नाही वाटलं. त्या बोलत राहिल्या, आणि २०१९च्या मार्चमध्ये एफडीएला सुनावणी घ्यावी लागली. २०२१मध्ये इम्प्लांटच्या वेष्टनावर ठळक इशारा आला, आणि इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

यातलं मला थक्क करणारं संशोधन अलीकडचं. अशा लक्षणांच्या बायकांची इम्प्लांट काढली तेव्हा त्यांतल्या बहुतेकींना बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं टिकलं. पण खोळ अखंड काढली की थोडी मागे ठेवली, याने फरक पडला नाही. ‘एन ब्लॉक’च करा, म्हणजे खोळीला चीर न पाडता सगळं एकसंध बाहेर काढा, असा आग्रह आज खूप रुग्ण धरतात. लिंफोमात तो अगदी योग्य. पण इम्प्लांट स्नायूखाली असेल तर खोळीची मागची भिंत थेट बरगड्यांना चिकटलेली असते. ती खरवडताना फुप्फुसाभोवतीचा पडदा फाटू शकतो. एवढा धोका पत्करायचा तर कारणही तेवढंच हवं. त्रास खरा आहे, उतार खरा आहे, आणि दोन्हींचा दुवा अजून सापडलेला नाही. तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे मान्य करायला डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही जड जातं.

काढावं की नाही यावर शहाणी माणसंही एकमत होत नाहीत, याचं मोठं उदाहरण फ्रान्सचं. पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरलं. मार्च २०१०मध्ये तपासनीसांनी ते पकडलं. तोवर जगभरात सुमारे ३ लाख बायकांच्या अंगात ते पोचलं होतं. फ्रेंच सरकारने आपल्या ३० हजार बायकांना ते काढून घ्या, खर्च आम्ही करतो, असं सांगितलं. खाडीपलीकडच्या ब्रिटनने तीच पिशवी, तीच आकडेवारी पाहून सांगितलं, सरसकट काढायची गरज नाही.

पण निदान त्यांना विचारता तरी आलं, कारण कोणाच्या अंगात काय आहे हे शोधता येत होतं. आपल्याकडे काय होतं ते खुब्याच्या सांध्याच्या प्रकरणात दिसलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा २०१० साली जगभरातून परत घेतला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, या प्रकरणात हात घातला. पुढे केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात सुमारे ४,७०० जणांना तो सांधा बसवलेला होता, आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागेना. भरपाई २०१८मध्ये ठरली, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. ती घ्यायला माणूस सापडायला हवा ना!

म्हणून इम्प्लांटच्या खोक्यातून येणारं ते छोटं कार्ड फार मोलाचं. कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, लॉट क्रमांक, सगळं त्यावर असतं. ते रुग्णालयाच्या फायलीत नको, घरच्या कपाटात हवं. पंधरा वर्षांनी दवाखाना बंद पडलेला असतो, डॉक्टर निवृत्त झालेले असतात. काही बिनसलं तर गाझियाबादहून चालणाऱ्या मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रमात उपकरणाची तक्रार रुग्णालाही नोंदवता येते. हा कार्यक्रम २०१५पासून आहे आणि फारच थोड्यांना माहीत आहे.

पैशांचंही सांगायला हवं. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या अपवादात येत नाही. म्हणजे एकाच प्रकारची पिशवी काढायची तर एकीचं बिल मंजूर होऊ शकतं, दुसरीचं नाही. हौसेने बसवणाऱ्या मुलीने बसवण्याचा खर्च विचारताना काढण्याचा खर्चही विचारून ठेवावा. हौसेने बसवलेल्यांपैकी जवळपास पाचांत एकीला आठ-दहा वर्षांत ते काढावं लागतं, असं एफडीएच सांगतं.

काढल्यावर काय? काहीजणी नवं बसवतात. काहीजणी पोटावरची किंवा पाठीवरची स्वतःची ऊती वापरून घेतात. काहीजणी स्तन उचलून घेतात, आणि काहीजणी सपाट राहतात, त्यांना तेच बरं वाटतं. काढलेली खोळ आणि साठलेलं पाणी संशयास्पद असेल तर पॅथॉलॉजीला पाठवायला शल्यचिकित्सकाला आधीच सांगून ठेवावं. २०२२मध्ये एफडीएने खोळीतल्या आणखी एका अतिदुर्मीळ कर्करोगाच्या मोजक्या नोंदींकडे लक्ष वेधलं, तेही अशाच तपासण्यांमुळे हाती लागलं. मागे ठेवलेली खोळ बहुधा हळूहळू विरघळून जाते, क्वचित तिच्यात पाणी साठतं. आणि पिशवी आवळून जिने इतका त्रास दिला ती मायोफायब्रोब्लास्ट शस्त्रक्रियेनंतर पुन्हा हजर होते, कारण टाक्यांची जखम दोन्ही बाजूंनी ओढून बंद करणं हेही तिचंच काम.